आम्ही खरे नाही म्हणे

रोप उपटलं की मुळांशी चिखल येतो. तो झाडायला रोपाची मूठ पायाच्या घोट्यावर आपटतात. एका खाचरातून तो आवाज आला की बांधापलीकडच्या खाचरातून येतो, मग वरच्या अंगाने येतो, आणि दिवसभर वाडीत दुसरं काही ऐकू येत नाही. धुकं लोहगडावरून खाली उतरलेलं असतं. समोरचं माणूस दिसत नाही, त्याची निळी नाहीतर पिवळी प्लास्टिकची खोळ तेवढी दिसते, आणि त्या रंगावरून आम्ही हाक मारतो. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. मला हे दिवस लहानपणापासून आवडतात. यंदा मात्र तो आवाज नकोसा वाटला.

कारण आबा. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. वाडीत कोणाची आवणी कधी हे तेच ठरवतात. आमच्याकडे सावड असते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं खाचर लावायचं, उद्या सगळ्यांनी दुसऱ्याचं. मजुरी कोणी घेत नाही. एखाद्या घरचं माणूस आजारी पडलं तर त्या घरातलं दुसरं माणूस येतं. चार दिवसांपूर्वी आबा आमच्या दारात आले, आईशी दिवस ठरवला, आणि जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, "मने, औंदा बी फोन घिऊन बसायचं ना शाळंपाशी? मागल्या साली आमी तुजा गेम पास केला. औंदाचा बी करू."

मी हो म्हणाले.

तो हो मला चार दिवस गिळता येत नव्हता. मागच्या वर्षी त्यांनी माझा खेळ पास केला नव्हता. खेळ तपासणारे तेच नापास झाले होते, बाराच्या बारा. आणि नापास तरी कसे? खेळ नीट तपासला नाही म्हणून नव्हे. ती माणसं खरी नाहीत म्हणून. हे मी कालपर्यंत वाडीत कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

मला नीट रागावता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे ऐकून घ्यायची सवय लागली आहे. सर बोलले की हो, ऑफिसातले क्लार्क बोलले की हो, पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं आली की आधी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. राग येतो तो फार उशिरा, घरी आल्यावर, भांडी घासताना. हा राग तर वर्षभर उशिरा आला आहे. पण आला आहे.

माझ्या पहिल्या खेळाचं नाव 'आवणी'. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तो केला. खेळ साधा आहे. एक बाई खाचरात रोप लावते आणि लावत लावत मागे सरकते. रांग सरळ राहायला हवी, पाणी फार चढता कामा नये, बांध फुटला तर तो बुजवायला हवा. वर्गात मी तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा सरांनी विचारलं, बाई मागे मागे का जाते आहे, काही गडबड झाली आहे का. मी म्हणाले, सर, आवणी मागे सरकतच करतात, नाहीतर लावलेलं रोप आपल्याच पायाखाली येईल. वर्ग हसला. त्यातली निम्मी मुलं तळेगावची आणि आसपासचीच. त्यांच्या घरी रोज इंद्रायणी तांदळाचा भात होतो. मी पण थोडी हसले. सगळे हसत असताना एकटीने गंभीर बसणं मला जमत नाही.

मोबाइलवरचे खेळ आणि अ‍ॅप जिथून उतरवून घेतात त्या जागेला मी दुकानच म्हणते. त्या दुकानात नवीन माणसाने पहिला खेळ ठेवायचा तर त्याचा एक नियम असतो. बारा माणसांनी आपापल्या फोनवर तो खेळ घ्यायचा, सलग चौदा दिवस ठेवायचा, खेळून बघायचा, काय चुकलं ते सांगायचं. मग दुकान ठरवतं. नियम वाईट नाही. मला तर तो ओळखीचाच वाटला. बारा माणसं आणि चौदा दिवस. ही तर सावड झाली.

मी आबांना विचारलं. आबांनी फार काही समजून घेतलं नाही. किती जण लागतील आणि कुठे बसायचं, एवढंच विचारलं. बसायची जागा एकच होती. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज येते ती प्राथमिक शाळेच्या ओट्यावर, तीही एकाच कंपनीची. माझं सिमकार्ड त्या कंपनीचं. म्हणून ठरलं की संध्याकाळी शेतातून आल्यावर सगळ्यांनी ओट्यावर यायचं, मी माझ्या फोनवरून सगळ्यांना इंटरनेट द्यायचं, आणि तासभर खेळायचं.

बारांतल्या नऊ जणांकडे ईमेलचं खातं नव्हतं. असलं तरी ते फोन विकणाऱ्या पोराने उघडून दिलेलं, पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. मी एका दुपारी ओट्यावर बसून एकामागून एक नऊ खाती उघडली. पासवर्ड सगळ्यांना एकच ठेवला, नाहीतर विसरले असते. नावाच्या रकान्यात नावं वेगळी, आडनाव बहुतेकांचं एकच, कारण वाडी एकाच भावकीची. मग आली जन्मतारीख. आबा म्हणाले, एक जून. हिराकाकी म्हणाली, एक जून. आई म्हणाली, माझी पण तीच की. अंडी-पाव घेऊन कामशेतहून मोटरसायकलवर येणारे रशीदभाई त्या दिवशी ओट्यावर टेकले होते. आबांनी त्यांनाही सावडीत ओढलं. त्यांची जन्मतारीख विचारली तर तेही हसून म्हणाले, "गुरुजी काय फक्त तुमच्याच वाडीला होते काय? आमची बी एक जूनच."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी खेड्यात जन्माची नोंद कोणी ठेवत नसे. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याच्याकडे बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख लिहायचे एक जून, म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बरोबर बसतं. आमच्या तालुक्यात वयस्क माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, आणि तो कोणीच साजरा करत नाही. मला यात वावगं काही वाटलंच नाही. मी नऊ खात्यांत एक जून लिहिलं, वर्षं तेवढी बदलली, आणि पुढे गेले.

त्या चौदा संध्याकाळी मला अजून दिसतात. ओट्यावर ओळीने बसलेली माणसं, हाताला चिखलाचा वास, नखांत चिखल. पडद्याला बोट लागलं की डाग पडायचा आणि पुढच्या स्पर्शाला फोन दाद द्यायचा नाही. मग जो तो फोन पोटावरच्या कोरड्या कपड्याला पुसायचा. पागोळ्या समोर पडत असायच्या. रशीदभाई उरलेले पाव वाटायचे. एक दिवस हिराकाकीकडे पाहुणे आले तर तिने आपला फोन सुनेच्या हातात देऊन सुनेला पाठवलं. सावडीची रीतच आहे ती.

हिराकाकीची लोहगडवाडीत टपरी आहे. शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्यांना ती भजी आणि पिठलं-भाकरी देते. त्यामुळे तिला अनोळखी माणसाला तोंडावर बोलायची सवय आहे, आणि ओळखीच्याला तर आहेच. पहिल्याच दिवशी तिने खेळातली बाई बघितली आणि म्हणाली की ही दर वेळी बांधावर जाऊन मूठ आणते, एवढे हेलपाटे कोण घालतं? मुठी आधीच खाचरात फेकून ठेवलेल्या असतात, हाताशी येतील अशा. मला लाज वाटली. मी दर वर्षी आवणीला जाते, तरी खेळ करताना खुर्चीवर बसलेल्या माणसासारखा विचार केला होता. रात्री जाऊन बदललं.

पाचव्या दिवशी आबा खेळातल्या तिसऱ्या खाचराशी अडकले. बराच वेळ चष्मा वर-खाली करून बघत राहिले. मग मला बोलावून फोन पुढे धरला. "पानी खालनं वर चढतंय गं तुज्या गेमात. लोनावळ्याच्या धरनावर मोटर लावलीस का काय?" ओट्यावर जे हसणं झालं ते वर्गातल्या हसण्यासारखं नव्हतं. त्या हसण्यात मी होते. उताराचं माझं गणित खरंच उलटं झालं होतं, आणि त्यामुळे तिसरं खाचर कधी पूर्णच होत नव्हतं. तेही दुरुस्त केलं.

आई नऊ दिवस काही बोलली नाही. शांतपणे खेळायची आणि फोन मला परत द्यायची. दहाव्या दिवशी म्हणाली, "हिला सारखी वाकलेलीच ठिवलीस. मधी उभं ऱ्हाऊन कंबर सरळ करायची असती." एवढंच. मी एक बटण वाढवलं. ते दाबलं की बाई उभी राहते, दोन्ही हात कमरेवर ठेवते, आणि दोन क्षण पडद्यावर समोरचा डोंगर दिसतो. बाकी काही होत नाही. गुण मिळत नाहीत. माझ्या खेळात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

पंधराव्या दिवशी दुकानाचं पत्र आलं. मी कॉलेजला जायला मळवली स्टेशनच्या बाकावर बसले होते. पत्र चार ओळींचं होतं. तुमच्या चाचणीत सहभागी झालेले वापरकर्ते खरे असल्याचे आढळत नाही. खाती एकाच ठिकाणाहून, एकाच व्यक्तीने चालवली असावीत. चाचणी अमान्य. पुन्हा असे झाल्यास तुमचे खाते कायमचे बंद करण्यात येईल.

माझी गाडी आली आणि गेली. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. आधी वाटलं, इंग्रजी समजायला चुकले.

मी उलट पत्र लिहिलं. शब्दकोश बघून लिहिलं, दोन तास लावले. आमच्या वाडीत रेंज एकाच ठिकाणी येते, म्हणून सगळे एकत्र बसतात. सर्वांची जन्मतारीख एक असण्याचं कारण असं आहे. एक दिवस एका बाईंच्या ऐवजी सून आली होती, त्याबद्दल क्षमस्व. ओट्यावरचा फोटोही जोडला. उत्तर यायला इतका थोडा वेळ लागला की समोरचा चहा अजून गरम होता. तेच चार वाक्यांचं पत्र, एक शब्द बदललेला नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं. दुसऱ्यांदा तेच आलं. फोटो कोणी उघडून बघितला असेल असं मला वाटत नाही. तिथे बघायला कोणी होतं का, हेही मला ठाऊक नाही. आबा खरे आहेत की नाहीत हे ठरवणारं जे कोणी होतं, ते स्वतः तरी खरं माणूस होतं का? हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. तेव्हा मी क्षमस्व लिहिण्यात गुंतले होते.

सर म्हणाले की यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, माझे परीक्षकच कमजोर होते. वर्गातली माझी मैत्रीण ऋचा, तिने मात्र मनापासून मदत केली. तिला माझं वाईट वाटलं होतं. तिने सांगितलं की असे परीक्षक विकत मिळतात. एक जागा आहे, तिथे पैसे भरले की वेगवेगळ्या शहरांतली बारा माणसं चौदा दिवस तुमचा खेळ फोनवर ठेवतात. सगळे असंच करतात, ती म्हणाली. प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली होती. मी भरले.

घाईत माझी आणखी एक चूक झाली. मी दुकानात खेळाची जुनी फाइल चढवली. पाणी वर चढणारी. तिसरं खाचर कधीच पूर्ण न होणारी. हे माझ्या लक्षात आलं चौदा दिवसांनंतर, बारा जणांचे अभिप्राय वाचताना. छान खेळ. चित्रे सुंदर. अगदी सुरळीत चालतो. मला शेवटची पातळी विशेष आवडली.

शेवटची पातळी. तिसऱ्या खाचरापुढे कोणाला जाताच येत नव्हतं, आणि त्यांना शेवटची पातळी आवडली.

दुकानाने ती बारा माणसं खरी मानली. खेळ पास झाला. दुरुस्त केलेली फाइल मी त्यानंतर चढवली.

एरवी असलं काही झालं की मी माझी चूक शोधते, आणि ती सापडतेच. नऊ खाती मी एका फोनवरून उघडली, पासवर्ड एक ठेवला. यंत्राला संशय येणार, कबूल आहे. खोट्या माणसांचा बाजार भरलेला असताना दुकानाला सावध राहावं लागतं, तेही कबूल. पण त्या बाजारातून आणलेली माणसं त्याने डोळे मिटून आत घेतली आणि माझ्या आईला दारात उभं केलं. यात माझी चूक कुठे बसवायची ते मला वर्षभर सापडलेलं नाही. त्याच्या लेखी खरं माणूस म्हणजे एकटं माणूस. स्वतःच्या खोलीत बसलेलं, स्वतःची वेगळी लाइन असलेलं, शेजाऱ्याशी न बोलणारं. चार जण एका ओट्यावर बसून एकमेकांच्या फोनमध्ये डोकावून हसले की ते संशयित.

रेशनच्या यंत्रावर आवणीच्या दिवसांत आईचा अंगठा उमटत नाही. पाण्याने कातडी सुरकुतलेली असते. ती तीनदा अंगठा दाबते, पदराला पुसते, पुन्हा दाबते, आणि मागच्या रांगेकडे बघून ओशाळं हसते. ते हसणं माझ्यात उतरलं आहे. तेच मी वर्गात हसले होते.

आणि शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. गडाच्या वाटेला लागण्याआधी लोक आमच्या खाचराशी थांबतात, फोटो काढतात, वर ड्रोन घिरट्या घालतो. मागच्या आठवड्यात एक बाई आईला म्हणाल्या, मावशी, जरा इकडे बघून लावा ना. फोटोपुरते आम्ही अगदी खरे असतो.

वाडीत मी सांगितलं, खेळ आला. एवढंच सांगितलं, आणि लोकांनी बाकीचं स्वतः समजून घेतलं. आबांनी शाळेच्या ओट्यावर पेढे वाटले. हिराकाकी टपरीवर येणाऱ्या पोरांना अजून सांगते की तो आवणीचा गेम आम्ही पास केलाय, मुठींची चूक मीच काढली. पोरं गंमत म्हणून उतरवून घेतात. मी तिथे असले की भांडी विसळायच्या निमित्ताने मागे जाते.

या जूनमध्ये हिंजवडीच्या एका कंपनीत माझी मुलाखत झाली. घेणारे गृहस्थ भले होते. त्यांनी माझ्यासमोर खेळ उघडला, थोडा खेळले, ते कंबर सरळ करायचं बटण दाबलं आणि त्या डोंगराकडे बघत राहिले. मग विचारलं, हे कुणाला सुचलं. मी म्हणाले, मला. का म्हणाले ते माहीत नाही. आईला म्हणायला किती वेळ लागला असता? त्यांनी सांगितलं की दुसरा खेळ करा, श्रावणात पुढची फेरी आहे, तेव्हा दोन्ही दाखवा. दुकानातले दोन खेळ असतील तर काम बरंचसं झालं म्हणून समजा.

दुसरा खेळ तयार आहे. त्यात रविवारी आबांच्या पडीक खाचरात पर्यटकांच्या गाड्या लावायच्या, एकही चिखलात रुतू न देता. कल्पना हिराकाकीची. तिने दिली तेव्हा आबांची नक्कलही करून दाखवली होती, शिट्टी फुंकत मागे मागे पळणारे आबा. त्याची चाचणी पुन्हा करायची आहे, कारण एकदा अमान्य ठरलेल्या खात्याला दुकान दर वेळी बारा माणसं मागतं. ऋचाने आपण होऊन विचारलं, पुन्हा तिथेच सांगू का? मी तिला थांब म्हणाले आहे. त्याच सकाळी आबा दारात आले होते.

काल संध्याकाळी मी ओट्यावर सगळ्यांना सगळं सांगितलं. सांगताना खाली बघत होते. पत्रात काय लिहिलं होतं ते मराठीत सांगितलं. विकतची माणसं सांगितली. शेवटची पातळी आवडल्याचंही सांगितलं. रशीदभाईंना तेवढं हसू फुटलं. ते आबांना म्हणाले, "दगडूभाऊ, आपन खरं न्हाई म्हनं. मग सोसायटीचं कर्ज कोन फेडनार?" दुसरं कोणी हसलं नाही.

आई उठली आणि ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "वरीसभर समद्यांला पेढं पचवू दिलंस." हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी तिला मुलाखतीतलंही सांगितलं, बटण मलाच सुचलं असं म्हणाले होते ते. ती वळली नाही.

मग मी एक मार्ग सुचवला. यंदा ओट्यावर एकत्र बसायचं नाही. हिराकाकीने लेकीकडे इंदुरीला जाऊन खेळायचं, रशीदभाईंनी कामशेतला, आबांच्या मुलाने आंबीला कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, ज्याने त्याने वेगवेगळ्या वेळी. खाती नव्याने, आपापल्या फोनवरून. मग यंत्राला संशय येणार नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

हिराकाकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हंजे आमी लपूनछपून खेळायचं? चोर हाव का आमी?"

आबांनी तिला हाताने थांबवलं. त्यांनी मला शांतपणे विचारलं की पुन्हा एकत्र बसलो आणि दुकानाने पुन्हा तेच म्हटलं, तर काय होईल. मी सांगितलं. खातं कायमचं बंद होईल. नवा खेळ जाईल, 'आवणी'सुद्धा जाईल. श्रावणात दाखवायला हातात काही राहणार नाही.

"नोकरीचं?"

"कठीण होईल, आबा."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ पायाचा वाळलेला चिखल नखाने सोलत राहिले. "आमी रोज हितं बसनार," ते म्हणाले. "बसायची जागा हीच हाय, आन् सावड येकेकट्यानं व्हत न्हाई. पन तू म्हनशील की फोन घरी ठिवून या, तर फोन घरी ठिवून यिऊन बसू. तुजं नुकसान आमी करनार न्हाई. तू ठरीव."

आबांनी रागावायला हवं होतं. मी वर्षभर त्यांच्या रागाची तयारी करून बसले होते, उत्तरंही जुळवून ठेवली होती. त्यांनी माझं नुकसान होऊ नये एवढंच बघितलं, आणि मला दुकानाचा जो राग यायला हवा होता तो पहिल्यांदा पुरता आला. ज्या माणसांनी पाणी कुठून कुठे जातं ते मला दाखवलं त्यांना मी सांगत होते की जरा पांगून बसा, म्हणजे तुम्ही माणसांसारखे दिसाल.

मी फोन काढला आणि म्हणाले, आपण आधीच पत्र लिहू. चाचणी सुरू व्हायच्या आधी, मराठीत. आम्ही असे बसणार आहोत, हे आधीच सांगून टाकू. मग बंद करायचं तर करू देत.

मग जे सुरू झालं ते आवरता आवरेना. प्रत्येकाला काहीतरी लिहायचं होतं. आबांनी वाडीचा पत्ता नीट घालायला लावला, शाळेच्या ओट्यासकट. रशीदभाई म्हणाले, वाटलं तर फोन करा, पण दुपारी दोन ते चार मी झोपतो. कुणीतरी म्हणालं, त्यांच्यातलं कोणी जन्मतारखेचा दाखला घेऊन फिरतं का ते विचार. मी लिहीत होते, आणि सवयीने वाक्यं मऊ करत होते. हिराकाकी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला वाचता येतं हे मी विसरले होते. "मी काय विनंती म्हनले? खोड त्ये. लिव, तुमच्यातला येक मानूस हिकडं धाडा. सावडीला हुबा करा आमच्याबरूबर येक दिवस. मंग कोन खरं न् कोन खोटं, त्ये संध्याकाळी ठरवू."

मी जसंच्या तसं लिहिलं. बाराही जणांची नावं खाली घातली. आईचं नाव लिहिताना तिच्याकडे बघितलं. ती अजून पाठमोरीच होती, पण म्हणाली, "माज्या नावापुढं त्या बटनाचं लिव." ते लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं. ऋचाला रात्रीच कळवलं की नको. तिने लिहिलं, वेडी आहेस. लिहिताना तिला वाईटच वाटत असणार.

आज सकाळपासून आमच्याच खाचरात सावड होती. अर्ध्या खाचरापर्यंत आई माझ्याशी कामापुरतंच बोलली, मग आपणहून माझी रांग वाकडी जाते आहे म्हणाली. दुपारी मी घरी येऊन हे लिहायला बसले. दुकानाचं उत्तर अजून आलेलं नाही. एवढा वेळ त्याने कधी लावला नव्हता. त्यावरून काही समजायचं नाही असं मी स्वतःला बजावते आहे. कदाचित पत्र मराठीत आहे म्हणून ते कुठेतरी अडकलं असेल. कदाचित उद्या सकाळी दोन्ही खेळ दुकानातून गेलेले असतील. श्रावणातल्या फेरीला मी गेले तर ते बटण कुणाला सुचलं तेवढं नक्की सांगणार आहे, दाखवायला काही उरलेलं असो वा नसो.

दार ढकलून आई आत आली आहे. तिने हात-पाय धुतले आहेत, फोन कोरड्या फडक्यात गुंडाळून घेतला आहे. मी अजून लिहितेच आहे हे बघून ती दारातच थांबली.

"ऊठ," ती म्हणाली. "ओट्यावर मानसं खोळंबल्यात."